दादीला जगवा, दयाला गोळी लागू द्या

१९८५ च्या सुमारास उत्तर भारतातल्या एका ओढगस्तीच्या घरात थोरल्या मुलीचं लग्न जमता जमत नव्हतं. मुलीचं नाव गुणवंती, घरात सगळे तिला बडकी म्हणत. स्थळ चांगलं होतं, डॉक्टर अश्विनीकुमार. अडचण एवढीच की हो म्हणावं की नको, हे बडकीचं ठरत नव्हतं. तिच्या आई-आजीपेक्षा जास्त घोर लागला होता तो तिला कधीही न भेटलेल्या हजारो बायकांना. त्यांनी तिला पत्रं लिहिली. आता फार ताणू नकोस, मुलगा गुणाचा आहे, उरकून टाक, असा त्या पत्रांचा सूर. शेवटी लग्न लागलं, त्या संध्याकाळी उत्तर भारतात कित्येक ठिकाणी दुकानं लवकर बंद झाली. मंगलाष्टकं टीव्हीच्या पडद्यावर होत होती आणि लग्नघाई बाहेर रस्त्यावर दिसत होती.

ही 'हम लोग' मालिकेतली बडकी, सीमा भार्गव यांनी उभी केलेली. पुढे सीमा पाहवा म्हणून आपण त्यांना ओळखू लागलो. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ही मालिका १५६ भाग चालली आणि १७ डिसेंबर १९८५ ला संपली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार अर्धा-पाऊण मिनिट येऊन प्रेक्षकांशी बोलत. बोलण्याच्या ओघात ते पत्र पाठवा म्हणत आणि लोक ते अगदी मनावर घेत. मालिका संपेपर्यंत आलेल्या पत्रांचा आकडा ४ लाखांच्या पुढे गेला होता. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संशोधकांनी पुढे त्यातल्या काही पत्रांचा नमुना काढून रीतसर अभ्यास केला. त्यामुळे भारतातल्या प्रेक्षकाच्या मनात एखाद्या पात्राबद्दल नेमकं काय चालतं, याचा कागदोपत्री पुरावा आपल्याकडे आहे. एरवी ही गोष्ट ओट्यावर आणि लोकलच्या डब्यात बोलली जाते आणि तिथेच विरून जाते.

दादीचं प्रकरण तर बडकीहून वरचढ. सुषमा सेठ यांनी साकारलेल्या दादीला कथेत कॅन्सर झाला होता आणि ती जाणार हे उघड होतं. पण लोकांचा तिच्यावर इतका जीव जडला की तिला इतक्यात नेऊ नका, अशी मागणी सुरू झाली आणि दादीचं आयुष्य वाढवण्यात आलं. त्या दुखण्यावर वैद्यकशास्त्राकडे त्या काळी फारसा उतारा नव्हता, टपालखात्याकडे निघाला.

मालिकेचे लेखक मनोहर श्याम जोशी हे हिंदीतले मोठे कादंबरीकार. त्यांच्या हाती ही कामगिरी आली ती मात्र सरकारी वाटेने, तीही थेट मेक्सिकोहून. मेक्सिकोत मिगेल सबिदो या निर्मात्याने १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर मालिका काढल्या होत्या. त्याची रीत साधी होती. एक पात्र आदर्श, एक वाया गेलेलं आणि तिसरं या दोघांमध्ये घुटमळणारं. हे तिसरं पात्र धडपडत, चुकत शेवटी बरोबर वाटेला लागतं आणि त्याच्या मागोमाग प्रेक्षकही लागतो, असा हिशेब. आपल्याकडे ही कल्पना आणण्याचं श्रेय वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांना दिलं जातं. म्हणजे 'हम लोग'मधल्या माणसांच्या आयुष्याला कुठलं वळण लागावं, याचं पहिलं स्वप्न पाहिलं ते सरकारने. छोटं कुटुंब, मुलींचं शिक्षण, दारूबंदी, सगळं कसं आखलेलं होतं. पहिल्या १३ भागांत उपदेशाचा मारा इतका झाला की लोक कंटाळले. मग कुटुंबनियोजन मागे सरलं आणि कुटुंब पुढे आलं.

त्यातही भागवंतीने सरकारचा बेत पार उधळून लावला. ही बडकीची आई. नवरा बसेसर राम दारुडा, सासू तोंडाळ आणि ही मुकाट सोसणारी. असं सोसू नका, हे सांगण्यासाठी ते पात्र घडवलेलं. संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांना, बायकांनासुद्धा, भागवंती हाच आदर्श वाटत होता. प्रेक्षक पात्रावर प्रेम करायला लागला की त्या पात्राचा अर्थ लावण्याचा मक्ताही तो स्वतःकडे घेतो.

'हम लोग' संपली आणि अडीच-तीन वर्षांत रामानंद सागर यांच्या 'रामायण'ने पत्रांच्या पलीकडची पायरी गाठली. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालेली मालिका ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकापर्यंत येऊन थांबली. उत्तरकांड वगळलेलं होतं. जालंधर आणि उत्तरेतल्या इतर शहरांतले वाल्मीकी समाजाचे सफाई कामगार यावर संपावर गेले. त्यांची मागणी पगाराची नव्हती, भत्त्याची नव्हती. पुढची गोष्ट दाखवा, ही होती. कारण पुढच्याच गोष्टीत वाल्मीकी ऋषी सीतेला आश्रय देतात, लव-कुशांना वाढवतात. ज्यांना हा समाज आपला मूळपुरुष मानतो, ते पडद्यावर खरे यायचे ते तिथेच. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती निर्माण झाली आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्याच वर्षी सागरांची पुढची मालिका सुरू झाली. कथा लांबवण्यासाठी झाडू खाली ठेवण्याचं दुसरं उदाहरण जगात कुठे सापडेल असं वाटत नाही. आणि त्यांनी कथेत जागा मागितली ती राजासाठी किंवा राणीसाठी नव्हे, ती कथा लिहिणाऱ्यासाठी.

असल्या मागण्यांचा उगम टीव्हीत नाही. लंडनमध्ये १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' ही अवाढव्य कादंबरी टप्प्याटप्प्याने निघाली. सात खंड. क्लॅरिसा ही सज्जन घरची मुलगी, लव्हलेस नावाच्या रंगेल माणसाच्या तावडीत सापडलेली. शेवटचे खंड यायचे होते आणि कुणकुण लागली होती की ती मरणार. लँकशरमधल्या लेडी ब्रॅडशे नावाच्या बाईंनी टोपणनावाने रिचर्डसनला पत्रांवर पत्रं लिहिली: तिला मारू नका, लव्हलेसला सुधारा, दोघांचं लग्न लावा. विनवण्या झाल्या, शिव्याशाप झाले. रिचर्डसन बधला नाही. मात्र तो त्यांना सविस्तर उत्तरं देत राहिला आणि त्यातून मैत्री अशी जमली की आपण दिसायला कसे आहोत याचं वर्णन त्याने पत्रातून धाडलं, म्हणजे बागेत फिरताना बाईंना त्याला ओळखता यावं.

याच बाईंना एक बहीण होती, लेडी एक्लिन. तिलाही तो शेवट सोसवला नव्हता. पण तिने पत्राने विनवणी केली नाही. सरळ कागद घेतला आणि आपला स्वतःचा शेवट लिहून काढला. तिच्या शेवटात क्लॅरिसावर बलात्कार होत नाही. लव्हलेस पश्चात्ताप करतो. इथवर बहिणीच्या मागणीसारखंच आहे. पुढे मात्र ती दोघांचं लग्न लावत नाही, दोघांनाही मरू देते. सव्वादोनशे वर्षांनंतर, १९८२ मध्ये, तिचा हा शेवट पुस्तकरूपाने छापला गेला.

एकीने जीव मागितला. दुसरीच्या हातात लेखणी होती, तिने मरण तसंच ठेवलं आणि विटंबना तेवढी खोडली. आवडत्या पात्राच्या पुढच्या आयुष्याची स्वप्नं पाहण्याचा हा जो अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचा छंद आहे, त्यात ही दुफळी पुन्हा पुन्हा दिसते. अर्ज करणाऱ्याला पात्र जगायला हवं असतं, सुखात हवं असतं. स्वतः लिहायला बसणारा त्याच पात्राला बिनदिक्कत संकटात लोटतो.

शेरलॉक होम्सच्या बाबतीत अर्जदार जिंकले. कॉनन डॉइलने डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड' मासिकात त्याला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकललं. लंडनच्या तरुणांनी म्हणे काळ्या फिती बांधल्या; ही कथा सांगायला छान आहे, तिला त्या काळचा भक्कम पुरावा मात्र मिळत नाही. पत्रांचा ओघ खरा होता, वाचकांचा संतापही खरा होता आणि प्रकाशकांचे आकडे तर त्याहून खरे. १९०३ मध्ये होम्स परतला.

अमेरिकेत १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' सुरू झाली तेव्हा या दोन्ही जाती एकाच मालिकेभोवती गोळा झाल्या. दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडणार अशी बातमी फुटली तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. कुणी कुणाला, कसं लिहायचं, याच्या सूचना पोस्टाने फिरवल्या. १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपल्यावर वाहिनीला पडद्यावर जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहणार आहे. तिसरं वर्ष पदरात पडलं. वेळ मात्र मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तरुण प्रेक्षक घरात नसतो. ७९ भागांवर गाशा गुंडाळला गेला.

दुसरी जात तोवर टाइपरायटरवर बसली होती. 'स्पॉकॅनेलिया' हे पहिलं 'स्टार ट्रेक' चाहतेमासिक १९६७ मध्ये निघालं. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवायचा, जमिनीवर पानांच्या थप्प्या लावून टाचण्या मारायच्या आणि पोस्टात टाकायचं, असा तो घरगुती छापखाना. लिहिणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने. आणि त्यांचा लाडका स्पॉक, भावना दाबून ठेवणारा, टोकदार कानांचा. त्याला या मासिकांतल्या कथांमध्ये काय काय सोसावं लागलं! ताप, जखमा, कैद, स्मृतिभ्रंश. कारण उघड होतं. मालिकेत तो कधी कोलमडत नसे आणि तो कोलमडलेला पाहिल्याशिवाय त्याच्या आत काय आहे हे कळणार नव्हतं.

या लिखाणाची टरही त्यांच्यातल्याच एकीने उडवली. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये पानभराची एक विडंबनकथा लिहिली. नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, साऱ्या अंतराळदलात सगळ्यात लहान. कॅप्टन तिच्या प्रेमात, जहाज ती चालवते, नोबेल शांतता पारितोषिकही तिलाच. शेवटी ती मरते आणि तिच्या खाटेभोवती सगळे अधिकारी ढसाढसा रडतात. तेव्हापासून अशा सर्वगुणसंपन्न, लिहिणाऱ्याच्या हौसेतून उतरलेल्या पात्राला जगभर मेरी सू म्हणतात.

आपल्याकडे स्पॉकची जागा घेतली ती दरवाजे तोडणाऱ्या दया नावाच्या पोलिसाने. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि २०१८ पर्यंत दीड हजारांवर भाग चालली. दर भागात एक मुडदा, एक प्रयोगशाळा, एक कबुली. इन्स्पेक्टर दया आणि अभिजीत घरी काय खातात, आजारी पडले तर कोण बघतं, यातलं काही लेखकांनी फारसं दाखवलं नाही. वीस वर्षं ती जागा मोकळी राहिली. ती भरली इंटरनेटवरच्या चाहत्यांनी. त्यांच्या कथांचा एक ठरलेला घाट आहे. निवेदन इंग्रजीत, संवाद हिंदीत पण रोमन लिपीत टाइप केलेले. धाड पडते, दया मध्ये येतो, गोळी लागते. मग रुग्णालयाचा बोळ, ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा, बाकावर अभिजीत, त्याच्या शर्टावर वाळलेलं रक्त. त्यांचे वरिष्ठ, एसीपी प्रद्युम्न येऊन खांद्यावर हात ठेवतात. त्या हातासाठी सगळी उठाठेव. दयाला बढती मिळाली, त्याचं थाटात लग्न झालं, असल्या कथाही असतात. पण खरी गर्दी या बाकापाशी. लिहिणाऱ्याला दयाचं दुखणं बघायचं नसतं. दुखण्याच्या निमित्ताने त्याची कुणीतरी काळजी करताना बघायचं असतं, जे मालिकेने त्याला कधी पुरेसं दिलं नाही.

हीच मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न स्फोटात मारले गेले. वाहिनीने श्रद्धांजलीचं चित्रही प्रसिद्ध केलं. समाजमाध्यमांवर गहजब झाला. गोळी झाडायला, बाकावर बसवायला एका पायावर तयार असलेले तेच चाहते इथे मात्र अर्जदार झाले: परत आणा. फार दिवस न लोटता प्रद्युम्न परतले. १८९३ ते १९०३ अशी दहा वर्षं होम्सच्या वाचकांनी काढली होती. एकता कपूर यांच्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर २००१ मध्ये गेला तोही असाच प्रेक्षकांच्या रेट्याने परत आला. आता तर मालिकेत कुणी गेलं की घरातली आजीसुद्धा विचारते, "बॉडी दाखवली का?"

मराठी मालिकांत अर्ज पत्राने येत नाही, आकड्याने येतो. दर गुरुवारी टीआरपी कळतो. कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं श्रेयनामावलीत दिसतात. आकडा घसरला की पहिला फोन कथाविस्तार करणाऱ्याला जातो. चित्रीकरण झालेल्या भागांची 'बँक' मोठी असेल तर बदल दिसायला वेळ लागतो. पण बँक बहुधा जेमतेम असते, त्यामुळे सोमवारी रागावलेला प्रेक्षक पुढच्या आठवड्यात ट्रॅक बदललेला बघतो. या घाईत कुणाची गर्भारपणं लांबतात, जशी 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीची लांबली आणि महाराष्ट्रभर विनोदांना ऊत आला.

या पद्धतीचा कळस म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका. २०१६ मध्ये झी मराठीवर आली तेव्हा ती नागपूरकडची, ठसक्यात वऱ्हाडी बोलणारी गृहिणी होती. नवरा गुरुनाथ शनायाच्या नादी लागलेला. ती सोसते, मग उभी राहते, मसाले करून विकते. इथवरचं राधिकाचं वळण अस्सल होतं; मसाल्याच्या, पापडाच्या जोरावर घर सावरणाऱ्या बायका महाराष्ट्रातल्या गावोगावी आहेत आणि अनिता दाते यांनी ती बाई हुबेहूब उभी केली. पण प्रेक्षकाची इच्छा पुरी करण्याच्या नादात मालिका थांबेना. मसाल्यांची कंपनी झाली, उलाढाल ३०० कोटींवर गेली आणि त्या आकड्यावर लोक इतके हसले की राधिकाचं दुःख त्यात बुडालं. साडेपंधरा वर्षांच्या मेरी सूला निदान एका हौशी बाईने थट्टेत जन्म दिला होता. राधिकाच्या ३०० कोटींमागे गंभीर चेहऱ्याने बसलेली बैठक होती.

राधिकाला जे मिळालं ते तिच्या चाहत्यांपैकी एखादीने घरी बसून लिहिलं असतं तर? नवऱ्याने माफी मागितली का, मुलाने कुणाची बाजू घेतली, पहिल्या ऑर्डरचे पैसे तिने कुठे ठेवले, इथेच ती बहुधा रेंगाळली असती. ३०० कोटींपर्यंत पोचलीच नसती.

अर्जदार आणि लिहिणारा यांतली भिंत ओलांडणारी माणसं थोडीच. त्यांतलं बडं नाव रॉनल्ड मूर. लहानपणापासून 'स्टार ट्रेक'चा भक्त. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मालिकेची नवी आवृत्ती चालू होती आणि तिच्या लेखनकक्षाने बाहेरच्यांचीही संहिता वाचून बघण्याची दुर्मीळ प्रथा पाळली होती. मूर सेट बघायला गेला तो स्वतः लिहिलेली संहिता घेऊनच. ती १९८९ मध्ये पडद्यावर आली, मूर लेखकांच्या ताफ्यात दाखल झाला. त्या संहितेचा विषय? जहाजावरची एक अधिकारी मरते आणि तिचा लहान मुलगा पोरका होतो.

पाच वर्षांनी ब्रॅनन ब्रागासोबत त्याने 'जनरेशन्स' हा चित्रपट लिहिला. त्यात लहानपणापासून ज्याच्यावर जीव टाकला त्या, मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कला मूरने मारलं. पहिल्या चित्रीकरणात कर्कला पाठीत गोळी घालून संपवलं होतं. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही, मग पुन्हा चित्रीकरण करून त्याला जरा वीराला शोभणारं मरण देण्यात आलं. म्हणजे अर्ज अंशतः मंजूर झाला. तरी चाहते खवळले ते खवळलेच, आणि त्यांच्यात खुद्द कर्कची भूमिका केलेला विल्यम शॅटनर सामील झाला. त्याने सहलेखकांच्या मदतीने कादंबऱ्याच लिहायला घेतल्या. १९९६ च्या कादंबरीत कॅप्टन कर्क मरणातून उठवला गेला आणि त्यानंतर बऱ्याच पुस्तकांतून तो त्या अवकाशात फिरत राहिला.

शॅटनरचा पडद्यावरचा कर्क मात्र १९९४ पासून मेलेलाच आहे.